सुपाला घासाघीस, लॅम्पला सलाम

स्पष्टच लिहितो. काहींना झोंबेल, झोंबू दे.

जून २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कारागिरांचं नावही न घेता. अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. बरोबरच होतं. ओरड झाली म्हणून तर कंपनीला भारतीय कारागिरीचा उल्लेख करावा लागला.

आता तोच राग घेऊन पुण्या-मुंबईतल्या एखाद्या डिझायनर दिव्यांच्या शोरूममध्ये जाऊन या. बांबूच्या कामट्यांचा लटकता लॅम्प, वेताची शेड, भिंतीवर लावायला 'डेकोर' म्हणून सूप. चिठ्ठीवर हँडमेड, नॅचरल, सस्टेनेबल असं सगळं छापलेलं. ब्रँडचं नाव आहे, डिझायनरचंही असतं. विणणाऱ्याचं कुठंय?

ती शेड जरा नीट बघा. मोकळ्या जाळीची असेल तर कोंबड्या झाकायचं डालगंच आहे ते, आत बल्ब सोडलेला. ही वीण कुणा कॉलेजात जन्मली नाही. बुरूड समाजाच्या कित्येक पिढ्यांनी ती हातात ठेवली. हिरवा बांबू फोडायचा, कामट्या तासायच्या, बोटं कापून घ्यायची आणि आठवडी बाजारात बसायचं. तिथे आपण काय म्हणतो? "मावशी, शेवटचं सांगा. दहा रुपये कमी करा." शोरूममध्ये तोच माणूस हजारोंचा टॅग बघून मुकाट्याने कार्ड काढतो.

काहीजण म्हणतील, डिझायनरची अक्कल, वायरिंग, दुकानाचं भाडं, याचे पैसे नकोत का? हवेत ना. डिझायनर माझा शत्रू नाही. १९५१ साली इसामू नोगुची जपानमधल्या गिफू शहरात गेले. तिथला कागदी कंदिलांचा धंदा मरणपंथाला लागला होता. बांबूच्या काड्या आणि तिथलाच हातकागद घेऊन त्यांनी 'आकारी' दिवे केले. नाव नोगुचींचं झालं हे खरं, पण आजही ते दिवे गिफूमधल्याच जुन्या कंदीलवाल्यांच्या कारखान्यात बनतात. धंदा गावातून उठला नाही. प्रश्न एवढाच आहे, की आपल्या लॅम्पमुळे आपल्या कोणत्या बुरूड आळीत चार पैसे जास्त आले?

सरकारचंही तेच. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल करून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतून काढलं. चांगलं झालं, शेतकऱ्याला तोडायला-न्यायला मोकळीक मिळाली. पण ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्या बुरडाला बांबू आजही विकतच घ्यायचाय. २०१८ ची प्लास्टिकबंदी पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर आली. प्लास्टिकच्या सुपा-टोपल्यांना कुणी हात लावला नाही. वर प्रशिक्षणाच्या बातम्या आमच्याकडे छापायला येतात: दहा दिवस, प्रमाणपत्र, साहेबांसोबत फोटो. ज्याने सातव्या वर्षी कामटी हातात घेतली, त्याला विणायचं प्रमाणपत्र! त्याला वीण येते हो. त्याला हवाय स्वस्त बांबू, हातात भांडवल आणि थेट गिऱ्हाईक.

म्हणून मागणी साधी आहे. 'हँडमेड' लिहायचं असेल तर कुणाचा हँड, कुठल्या गावचा, तेही लिहा. आणि त्या हाताला किती मजुरी दिली तेही लिहा. लपवण्यासारखं काही नसेल तर लाज कसली?

आणि आपण गिऱ्हाईकांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. शोरूममध्ये विचारावं, "हे विणलं कुणी?" उत्तर आलं नाही तर दिवा तिथेच ठेवावा. आणि या दिवाळीत आकाशकंदिलाचा सांगाडा आपल्या गावातल्या बुरडाकडून, तो सांगेल त्या भावात घ्यावा.

प्रादाला जाब विचारणारा महाराष्ट्र आपल्याच बाजारपेठेत गप्प बसत असेल, तर तो स्वाभिमान नव्हता. नुसता टाइमपास होता.