पाच वर्षांनंतरचे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण होतात, पाच वर्षे उलटतात, तपासणीचा अहवाल निर्दोष येतो आणि घरात पेढे वाटले जातात. हा आनंद रास्तच आहे. परंतु अनेक कुटुंबांत त्याच दिवशी आजाराचे खाते बंद झाले, असे मानले जाते. ज्या स्त्रीने आजार सोसला, तिचे शरीर व मन मात्र त्याची बाकी पुढे कित्येक वर्षे फेडीत राहते.

आयुष्य किती वाढले, एवढेच मोजणे पुरेसे नाही, ते कसे जगले जाते हेही मोजले पाहिजे, ही जाणीव वैद्यकशास्त्रालाही हळूहळू झाली. युरोपातील संशोधकांनी या रुग्णांसाठी तयार केलेली २३ प्रश्नांची प्रश्नावली १९९६ साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी तिची हिंदी व मराठी रूपे भारतीय स्त्रियांमध्ये तपासून पाहिली. हात वर उचलताना त्रास होतो का, दंडाला सूज येते का, स्वतःच्या शरीराविषयी नाराजी वाटते का, पुढील प्रकृतीची चिंता सतावते का, असे तिचे साधे प्रश्न आहेत. घरात मात्र ‘रिपोर्ट कसा आला?’ हा एकच प्रश्न विचारला जातो.

हाताचेच पाहावे. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या किंवा तेथे किरणोपचार झाले, तर हातास सूज येऊ शकते, आणि ती काही वर्षांनीही उद्भवते. अशा हाताने वजन उचलूच नये, असे पूर्वी सांगितले जाई. अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास झाला व २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणून हात जपावा, पण निकामी करू नये. विळीने कापले, तेलाने भाजले आणि हात लाल होऊन ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुसरा विषय गोळ्यांचा. हार्मोनशी निगडित कर्करोगात पाच, तर काहींना दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात, कारण हा प्रकार वीस वर्षांनीही उलटू शकतो. त्या गोळ्यांनी अंगातून वाफा येतात, झोप मोडते, सांधे धरतात. लेट्रोझोलसारख्या औषधांनी हाडे ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता तपासावी लागते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीस पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर तो संकोचाने लपवू नये. त्रासाला कंटाळून किंवा उपवासांच्या दिवसांत गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सूर्यास्तापूर्वी घेता येईल अशी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

सर्वांत अवघड ओझे मौनाचे असते. मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भीतीने आईचा आजार नातलगांपासून दडवला जातो. वास्तविक शंभरांतील सुमारे पाच ते दहा रुग्णांमध्येच हा आजार आनुवंशिक दोषामुळे होतो. जेथे तशी शक्यता असते, तेथे मुलीला माहिती असणे हेच तिचे संरक्षण ठरते. लपवाछपवीने तिची वेळेवर होणारी तपासणी चुकते, आणि आई लग्नसमारंभात पदर सावरीत, सुजलेला हात झाकीत एकटी पडते. पती-पत्नींमधील दुरावाही अशाच न बोललेल्या संकोचातून वाढतो. शरीराचा एक भाग गेला म्हणून आपले स्थान उणे झाले नाही, हे तिला पतीच्या वागण्यातून समजावे लागते.

यासाठी फार खर्च लागत नाही. वार्षिक तपासणीला घरातील एकाने बरोबर जावे, तिचे त्रास आधी कागदावर लिहून न्यावेत, रोज तिच्यासोबत चालावे. ती लवकर थकते, नावे विसरते, तेव्हा तो आळस समजू नये. मुख्य म्हणजे तिला अधूनमधून निवांतपणे विचारावे, ‘तुला कसे वाटते?’ आणि उत्तर संपेपर्यंत बसावे.