खोका आपला, कुलूप कंपनीचं

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामांतून निघालेला माल पैसे मोजणाऱ्याचा होतो. सेट-टॉप बॉक्सचं मात्र तसं नाही. केबलवाला बदलला की चालता खोका भंगारात. कोणत्याही सेवेला चालेल अशा बॉक्सची शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल २०२० मध्येच केली होती. शिवाय कंपनीचं कुलूप नसेल, तर बॉक्स इतर कामांनाही येतो. अँड्रॉइड बॉक्सवर ‘कोडी’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर घातलं, तर पेनड्राइव्हमधली गाणी, लग्नाचे व्हिडिओ इंटरनेटशिवाय टीव्हीवर दिसतात. साध्या केबल बॉक्समध्ये तेवढी ताकद नसते, हे मान्य. पण ज्यांत आहे, तेही कुलूपबंद का? चोरीचे चित्रपट बोकाळतील, हा आक्षेप अर्धाच खरा. कोडी स्वतः काहीच पुरवत नाही. चोरी होते ती बाहेरच्या अ‍ॅड-ऑनमधून, तेव्हा कारवाई तिथे व्हावी. करार संपताच बॉक्स खुला करून देणं सरकारने कंपन्यांना सक्तीचं करावं.