सेमिनरीत जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांना

पेडणे किंवा डिचोलीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरातला मुलगा "मला पाद्री व्हायचंय" म्हणाला, की घरात पहिली चौकशी होते ती वर्षांची, खर्चाची आणि पदवीची. चौकशी रास्त आहे, आणि तिची उत्तरेही सहज मिळतात. मुले साधारणपणे आधी साळगावच्या सेमिनरीत राहतात, पुढे साष्टीतल्या राशोलला जातात. तिथे तत्त्वज्ञान, मग प्रत्यक्ष कामाचा काळ, मग ईश्वरविद्या. पण मुलगा प्रार्थना करायला शिकतो का, एकटा बसायला शिकतो का, हे कुणी विचारत नाही. त्याबद्दलच थोडे बोलायचे आहे. सेमिनरीतल्या फादरांना त्यांचे काम कळते. हे बोलणे घरच्यांशी आणि वाड्यावरच्यांशी आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये पाद्रींच्या घडणीवर एक मोठे पत्र काढले. माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, अभ्यास आणि लोकांमधले सेवाकार्य अशी चार अंगे त्यात सांगितली आहेत. त्यातली तीन आपल्याला दिसतात. परीक्षेचे गुण कळतात, मुलगा सुट्टीत आला की वागणूक कळते, इगर्जीत दोन शब्द बोलला की तयारीही कळते. आध्यात्मिक अंगाची गुणपत्रिका मात्र घरी येत नाही, म्हणून ते आपोआप होत असेल असे आपण धरून चालतो.

ते आपोआप होत नाही. सकाळची प्रार्थना, ध्यान, मिस, दिवसभरातल्या स्वतःच्या वागण्याची झडती, तेर्स, रात्रीचे मौन, वरचेवर कुमसार, वर्षातून काही दिवसांची रिट्रीट. बाहेरच्याला हे वसतिगृहाचे वेळापत्रक वाटते. आपल्या भागातल्या माणसाला ते समजावणे खरे तर सोपे आहे. शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेआधी व्रत धरतात, वेगळे राहतात, सोवळे पाळतात, आणि मगच होमकुंडातून जातात. अग्नी तुडवण्याची ती रात्र लोक बघायला येतात, आधीचे दिवस कुणी बघत नाही. पण आधीचे दिवस पाळले नाहीत तर त्या रात्रीला अर्थ नाही, हे डिचोलीतले पोरही सांगेल. (त्याच लईराईला आपले लोक म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीची बहीण मानतात, तेव्हा हा दाखला परका समजू नये.)

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण घरच्यांकडून सर्वांत जास्त घोळ इथे होतो. प्रत्येक सेमिनरीत रेक्टर असतो आणि एक आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. रेक्टर शिस्त बघतो, मुलगा पुढे जाणार की नाही यावर त्याचे मत चालते. मार्गदर्शकाजवळ मुलगा मनातले बोलतो: भीती, मोह, शंका, घरची ओढ. 1983 च्या चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की मुलाला दीक्षा द्यायची की सेमिनरीतून काढायचे, हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा कुमसार ऐकणाऱ्या फादरांचे मत कधीही विचारायचे नाही. मुलाला निर्धास्त बोलता यावे म्हणून ही तजवीज आहे. चर्चने स्वतःच्या अधिकाऱ्यांनाही जिथे दार बंद ठेवले आहे, तिथे आईबापांनी डोकावायचे कारण नाही. "फादरांना काय सांगितलंस?" हा प्रश्न सुट्टीत विचारू नका. तो आपण होऊन बोलला तर ऐका, आणि ऐकलेले शेजारच्या अंगणात नेऊ नका.

हे काम किती मोलाचे आहे ते बघायचे तर पिलारला जा. तिथे फादर आग्नेल यांच्या समाधीवर ख्रिस्ती येतात तसे हिंदूही येतात. हणजुणेत 1869 मध्ये जन्मलेले, पिलारच्या मिशनरी संस्थेत गेलेले हे पाद्री शिरोड्यासारख्या गावांत राबले आणि 1918 मध्ये राशोल सेमिनरीचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. नोव्हेंबर 1927 मध्ये राशोललाच त्यांनी देह ठेवला. रोममधून 1986 मध्ये त्यांना 'वंदनीय' घोषित करण्यात आले. ते ना बिशप झाले, ना रेक्टर. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मुलांचे मन जाणण्यात आणि वेदीपुढे गुडघ्यांवर बसण्यात घालवली. याच राशोलला, तेव्हाच्या रायतूरला, 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, याचा आपल्याला मराठी वाचक म्हणून अभिमान असतो आणि असावा. त्या अभिमानात फादर आग्नेल यांचीही आठवण ठेवा.

पेडणे-डिचोलीकरांना हे वेगळे सांगावे लागते, त्याला कारण आहे. हे तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे आले, म्हणून बारदेश-साष्टीसारखी इथे दर गावात इगर्ज नाही. इथल्या फादरांचे शेजारी बहुतेक हिंदू असतात. जवळपास दुसरा पाद्री नसतो, मिसला माणसे मोजकी, बाकीचा दिवस एकट्याचा. अशा ठिकाणी हुशारी थोडेच दिवस पुरते. आतला झरा नसेल तर माणूस कडू होतो, नाहीतर बांधकामात आणि फेस्ताच्या हिशेबात बुडून जातो.

डिचोलीने याचे मोठे उदाहरण पाहिले आहे. दिवाडीचे मातेउश द कास्त्रु, ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्यात त्यांना दीक्षा नाकारली गेली, म्हणून ते रोमला गेले, तिथे शिकले, पाद्री झाले, आणि 1637 मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखाचे धर्माधिकारी म्हणून आले. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती, त्यांनी तिथेच ठाण मांडले. माणूस विद्वान आणि झुंजार, अन्यायही खराच झालेला. पण पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशी भांडण्यात त्यांची उमेद खर्ची पडली. पुढच्या पिढीत बाणावलीच्या जुझे वाझ यांनाही तोच भेदभाव सोसावा लागला. त्यांनी मात्र 1685 मध्ये जुन्या गोव्यात देशी पाद्रींच्या एका छोट्या प्रार्थनामंडळाची वाट धरली, आणि तिथल्या शिस्तीच्या बळावर 1687 मध्ये मजुराच्या वेषात डचांच्या सिलोनात शिरले. 2015 मध्ये ते संत झाले. दोघांना एका तागडीत घालणे बरोबर नाही, काळ वेगळा, अधिकार वेगळा. तरी मला वाटते, एकाला सोबतीची प्रार्थना लाभली आणि दुसऱ्याला लाभली नाही, हा फरक मोठा होता.

मग घरच्यांनी करायचे काय? थोडेच. मे महिन्यात मुलगा घरी आला की त्याला लगेच पाद्री करून टाकू नका. होते असे की पहिल्याच संध्याकाळी मावशी लादीनला त्याला पुढे उभे करते, आजी ताट पुढ्यात आणून ठेवते, उष्टे ताट बहीण उचलते, आणि वाड्यावरचे मोठे लोक "बसा बसा" म्हणून खुर्ची देतात. मुलगा अठरा वर्षांचा असतो. विहिरीवरून दोन कळशा त्याला आणू द्या, ताट त्यालाच धुऊ द्या, वडिलांबरोबर काजूच्या बागेत जाऊ द्या. घरच्या नावाने हाक मारा. संध्याकाळचा तेर्स घरात रोज होत असेल तर त्यात इतरांसारखा बसू द्या. तो होत नसेल तर मुलगा यायची वाट न बघता सुरू करा. घरात माळ हाती न धरणाऱ्यांनी सेमिनरीकडून संत मागणे काही बरे नाही.

सकाळी तो अर्धा तास गप्प बसला तर टीव्ही बंद ठेवा. पुनवेला पेडण्याला जायचे म्हणाला, शेजारच्या घरी भजनाला बसला, तर अडवू नका. उद्या याच शेजाऱ्यांमध्ये त्याला राहायचे आहे.

आणि परत आला तर? काही मुले परततात. चौथ्या वर्षी, कधी आठव्या वर्षी. पुष्कळदा मार्गदर्शकाजवळ नीट, प्रामाणिकपणे विचार करूनच परततात. म्हणजे सेमिनरीने तिचे काम केलेले असते. पण गावात कुजबुज सुरू होते, आणि त्या कुजबुजीच्या धाकाने दुसरा एखादा मुलगा मन नसताना पुढे ढकलला जातो. तेव्हा मुलगा जायला निघेल त्या दिवशीच बापाने त्याला सर्वांसमोर सांगावे: "परत यावंसं वाटलं तर घर तुझंच आहे." आणि खरेच आला, तर त्याच्या कॉलेजच्या प्रवेशाचे बघावे, लोकांना काय सांगायचे ते नंतर.