टीव्हीला लॅपटॉप जोडताना

टीव्ही पाच-सात वर्षांचा झाला की त्यातली ॲप एकेक करून मान टाकतात. आधी अपडेट थांबते, मग चित्र अडखळू लागते आणि एके दिवशी ते ॲप उघडतच नाही. पडदा मात्र ठणठणीत असतो. तरीही बहुतेक घरांत अशा वेळी नव्या टीव्हीचीच चर्चा सुरू होते. खर्च करण्याआधी घरातला लॅपटॉप त्याच टीव्हीला एकदा जोडून पाहावा, असे आमचे मत आहे. काम एका तारेचे आहे. मात्र पडद्यावर चित्र उमटले म्हणजे सगळे झाले, असे समजून आपण पुढची सेटिंग पाहत नाही आणि चांगला चित्रपट बिघडलेल्या रूपात पाहत बसतो. या लेखाचा रोख त्या पुढच्या भागावर आहे.

आधी तारेविषयी. १९८७ साली आयबीएमने आणलेले व्हीजीए हे पंधरा पिनांचे कनेक्शन अनेक वर्षे संगणकाला मॉनिटर जोडण्यासाठी वापरले गेले. त्यातून फक्त चित्र जात असे, आवाजासाठी वेगळी वायर ओढावी लागे. २००२ च्या अखेरीस एचडीएमआयचे पहिले मानक आले आणि चित्र व आवाज एकाच तारेतून जाऊ लागले. आजच्या जवळपास प्रत्येक टीव्हीच्या मागे किंवा कडेला हे सॉकेट असते. फुल एचडी चित्रपटासाठी साधी, धड बनावटीची तार पुरते. महागड्या तारेने चित्र अधिक देखणे होत नाही. सिग्नल अंकी असतो, त्यामुळे तो नीट पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा हवे असेल, तर मात्र टीव्ही, लॅपटॉप आणि तार तिन्ही २०१३ च्या एचडीएमआय २.० किंवा त्यापुढच्या मानकाची लागतात.

अनेक नव्या पातळ लॅपटॉपना एचडीएमआय सॉकेट नसते, फक्त टाइप-सी असते. ग्राहकाची सर्वात जास्त फसगत इथे होते. टाइप-सी हा केवळ सॉकेटचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर येईल की नाही, हे आतल्या सर्किटवर ठरते. दिसायला सारख्याच दोन सॉकेटांपैकी एकातून टीव्ही चालतो, तर दुसऱ्यातून फक्त चार्जिंग आणि फाइलींची देवाणघेवाण होते. काही कंपन्या सॉकेटशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणाची खूण छापतात, अनेक छापत नाहीत. तेव्हा ॲडॉप्टर विकत घेण्याआधी मॉडेलची माहितीपत्रिका वाचावी. ॲडॉप्टर बहुधा एकाच दिशेने चालतात, हेही ध्यानात असू द्यावे. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा ॲडॉप्टर उलटा लावून चालत नाही.

तार लावल्यावर टीव्हीच्या रिमोटने योग्य इनपुट निवडावे. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबली की चार पर्याय येतात. चित्रपटासाठी ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय उत्तम. दोन्हीकडे तेच चित्र ठेवले, तर पुष्कळदा लॅपटॉपच्या पडद्याचे माप टीव्हीवर लादले जाते आणि चित्र मऊ दिसते. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर आवाजाच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचे नाव निवडावे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे चित्राच्या चौकटीकडे येऊ. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. त्या काळच्या बोलपटांच्या चौकटीची रुंदी आणि उंची साधारण ११ ला ८ या प्रमाणात असे. आपला टीव्ही १६ ला ९. साहजिकच जुना चित्रपट लावला की डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे राहतात. पट्टे खटकतात म्हणून कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणते. त्यासरशी तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा सुमारे ३० टक्के रुंद होतो. ताणण्याऐवजी ‘झूम’ केले, तर वरखालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो. या चित्रपटाचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल मुळात चित्रकलेच्या वाटेने सिनेमात आलेले. चौकटीत माणूस कुठे उभा राहील, डोक्यावर आभाळ किती असेल, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलेले असते. ती चौकट मोडायचा हक्क आपल्या रिमोटला नाही. काळे पट्टे म्हणजे दोष नव्हे. चित्रपट पूर्ण दिसत असल्याची ती खूण आहे. सिनेमास्कोपसारख्या जास्त रुंद चौकटीच्या चित्रपटांत तेच पट्टे वर आणि खाली येतात, तेही राहू द्यावेत.

याला जोडूनच आणखी एक जुनी खोड आहे. पूर्वीच्या काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा झाकलेल्या राहत, म्हणून चित्र थोडे मोठे करून दाखवण्याची पद्धत पडली. सपाट टीव्हींनीही ती उचलली. लॅपटॉप जोडल्यावर खालची टास्कबार अर्धवट दिसत असेल, तर कारण हेच. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो लावावा. काही टीव्हींत त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की हे आपोआप सुधारते.

चौकटीनंतर गती. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी धावतो, लॅपटॉप सहसा ६० चित्रे पाठवतो. ६० ला २४ ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे एक चित्र तीनदा तर पुढचे दोनदा दाखवावे लागते. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा जाणवणारा बारीक हिसका त्यामुळे येतो. अनेक टीव्ही २४ चा दर स्वीकारतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तसा बदलता येतो. उलट टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रे तयार करून हालचाल गुळगुळीत करतो, तेव्हा सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय बहुधा कारखान्यातूनच चालू असते. सॅमसंग, एलजी, सोनी यांनी तिला वेगवेगळी नावे दिली आहेत. चित्रपटापुरती ती बंद करावी. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ ज्या टीव्हीत आहे, तिथे हे काम एका बटणात होते.

पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवरचा चित्रपट लॅपटॉपवर दिसतो आणि टीव्हीवर काळोख, अशीही तक्रार असते. त्यामागे इंटेलने विकसित केलेली एचडीसीपी ही नक्कलविरोधी व्यवस्था आहे. लॅपटॉप आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवतात. मधल्या एखाद्या जुन्या उपकरणाला ती भाषा येत नसेल, तर चित्र अडते किंवा हलक्या दर्जाचे मिळते. व्हीजीएला ही व्यवस्थाच नाही. निर्मात्यांची काळजी रास्त आहे, पण तिचा भार प्रामाणिक ग्राहकाने उचलावा हे आम्हाला पटत नाही. विनातार जोडणीबद्दल एवढेच सांगतो, की मिराकास्टने काम भागते, पण घरातले वायफाय गजबजलेले असेल तर तारच बरी.

विजेबाबत हयगय नको. धातूच्या लॅपटॉपला हात लावताच मुंग्या येत असतील, तर बहुधा चार्जर दोन पिनांचा आहे किंवा घरातले अर्थिंग नीट नाही. वायरमनकडून ते तपासून घ्यावे. तार जोडताना दोन्ही उपकरणे बंद ठेवावीत, आणि वळवाच्या दिवसांत आकाश कडाडू लागले की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावे.

एवढी खटपट कशासाठी? आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ‘संत तुकाराम’ आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हे दोन्ही ती मुदत ओलांडून सर्वांचे झाले आहेत. मराठी सिनेमाचा हा ठेवा दिवाणखान्यात सहकुटुंब, योग्य चौकटीत पाहणे आज खरोखर सोपे आहे. कंपन्यांनी आपली बाजू सांभाळावी: टाइप-सीतून चित्र जाते की नाही हे सॉकेटशेजारी आणि खोक्यावर स्पष्ट छापावे आणि टीव्हीतली ॲप किती वर्षे चालतील हे विक्रीच्या वेळी लेखी सांगावे. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले; ही माहिती देण्याची सक्ती ही त्याची पुढची पायरी असायला हवी. तोवर वाचकांना विनंती एवढीच, की जुना टीव्ही भंगारात देण्याआधी त्याला एकदा लॅपटॉप जोडून पाहा.