आधी दूरध्वनी, मग प्रवास

तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांना वैद्यकशास्त्राची आवड होती. त्यांच्या काळी नोंदवलेल्या नेत्ररुग्णांच्या हकिकती आणि डोळ्यांची रंगीत चित्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रुग्णाची हकिकत नीट कळणे हा उपचाराचा पाया आहे, हेच त्या नोंदी सांगतात.

आजही खेड्यातला रुग्ण शहरातील तज्ज्ञाकडे जातो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे खर्ची पडते. एवढे करून 'जुने कागद आणा', 'उपाशीपोटी या' असे ऐकून परतावे लागले, तर तो खर्च वाया जातो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलण्याची सोय सर्वत्र असावी, असे मला वाटते. अशा सल्ल्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत.

मात्र दूरध्वनीवरून नाडी पाहता येत नाही. छातीत कळ आली, तर बोलण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. एरवी दुखणे केव्हापासून आहे, औषधे कोणती चालू आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे आणि मगच बोलावे. लिहिता येण्याचा याहून मोठा उपयोग कोणता?