न विचारलेला प्रश्न

गडहिंग्लजहून कोल्हापूरला एस.टी.ने जायचे म्हणून जी स्त्री आदल्या रात्रीपासून पोटात काही घालीत नाही, तिच्या व्याधीचे नाव घरात कोणी उच्चारीत नाही. तिचा शौचावरील ताबा सुटलेला असतो. लग्नकार्ये, हळदीकुंकू, काळभैरीची यात्रा ती एकेक करून टाळू लागते. घरची माणसे मात्र 'हल्ली तिला कोठे जायला नको असते' एवढेच म्हणतात.

या व्याधीचे एक प्रमुख कारण बाळंतपणात आहे. मूल बाहेर येताना कधी कधी योनीमार्गापासून गुदद्वारापर्यंत फाटते आणि मल रोखून धरणाऱ्या वर्तुळाकार स्नायूला इजा होते. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका अधिक. जखम त्याच वेळी ओळखून नीट शिवली, तर पुढचे पुष्कळसे दुःख टळते. ती नजरेतून सुटली, तर तरुणपणी इतर स्नायू कसेबसे भार सोसतात. पाळी गेल्यावर दोष उघडा पडतो. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे बाळंतपण कोणाला आठवणार? मधुमेह व जुनाट बद्धकोष्ठ यांमुळेही असे होते. आहारातील बदल, मल घट्ट करणारी औषधे, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम आणि त्यांनी न भागल्यास शस्त्रक्रिया, असे उपाय आज उपलब्ध आहेत. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही. परंतु घराबाहेर पडता येण्याइतका आराम पुष्कळजणींना मिळू शकतो.

मग स्त्रिया उपचारासाठी का येत नाहीत? 'लाज' हे ठरावीक उत्तर मला अपुरे वाटते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ती पाहणी या व्याधीची नव्हे, हे खरे. पण विचारणारे कोणी दाराशी आले की खेड्यातील स्त्रिया बोलतात, तपासूनही घेतात, एवढे तिने दाखवून दिले.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जातात. त्यांपैकी एका भेटीत 'वारा किंवा शौच न कळत सुटते का?' हा प्रश्न त्यांनी सासूच्या अपरोक्ष विचारावा, आणि जमल्यास त्या सासूलाही विचारावा. होकार आला, तर उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी कोणत्या डॉक्टरीणबाईंकडे जायचे, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. केसपेपरच्या खिडकीपाशी, पुरुषांच्या देखत, ही तक्रार मोठ्याने सांगण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.