विश्लेषण : छोट्या पोर्तुगालने बलाढ्य कॅस्टिलला कसे रोखले?

१३८३ मध्ये राजा फर्नांडूचा मृत्यू झाला आणि पोर्तुगालचे स्वातंत्र्यच धोक्यात आले. कारण त्याची वारस बिआत्रिझ ही शेजारच्या कॅस्टिलच्या राजाची पत्नी होती.

राजा कसा ठरला?

फर्नांडूचा अनौरस सावत्र भाऊ जुआंव प्रतिकाराचा नेता बनला. १३८४ मध्ये कॅस्टिलने लिस्बनला वेढा घातला. पण छावणीत प्लेग पसरल्याने तो उठवावा लागला. एप्रिल १३८५ मध्ये कोइंब्रा येथील प्रतिनिधींच्या सभेने जुआंवला राजा म्हणून निवडले.

निर्णायक लढाई कोणती?

१४ ऑगस्ट १३८५, अल्जुबारोटा. सेनापती नुनु आल्वारिश परेरा याने चिंचोळी जागा हेरली, खंदक खणले. इंग्रज तिरंदाजही सोबतीला होते. संख्येने कितीतरी मोठे असलेले कॅस्टिलचे सैन्य तिथे कोंडले गेले आणि हरले.

पुढे काय झाले?

१३८६ मध्ये पोर्तुगालने इंग्लंडशी विंडसरचा करार केला. मात्र याच जुआंवने १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील सेउता जिंकले. तिथून सुरू झालेला सागरी विस्तार १५१० मध्ये गोव्यापर्यंत पोहोचला. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी झुंजलेले राज्य दुसऱ्यांचे स्वातंत्र्य जपेलच असे नाही, हे गोव्याने पुढे साडेचार शतके अनुभवले.